गळ्याशपथ, इथंच

झाडापुढं उभ्या राहिल्या की बाई आधी स्वतःचा गळा चिमटीत धरायच्या. मग तोच हात तसाच सरळ पुढं नेऊन खोडावर टेकवायच्या आणि म्हणायच्या, "इथंच. वर नाही, खाली नाही." तुम्ही लांबून पाहिलं असतं तर तुम्हालाही वाटलं असतं, ही बया झाडाला गळ्याशपथ देऊन राहिली.

नांदेडच्या एका कॉलेजात त्या झाडांचा विषय शिकवायच्या. एसटीनं चाकूरला उतरून आमच्या गावाला यायच्या. अंगानं ठेंगण्या, पाठीला त्यांच्याएवढीच पिशवी. "पुस्तकात लिहिलंय, छातीच्या उंचीवर घेर मोजा," त्या सांगायच्या. "पण मामा, पुस्तक कुण्या उंच साहेबानं लिहिलं. त्याची छाती माझ्या गळ्याशी येते."

मी तिसरी शिकलेला, पण उदगीरच्या वखारीत चाळीस वर्षं लाकूड मोजलं. बाईंनी टेप धरायला मलाच घेतलं. घ्यायलाच पाहिजे होतं.

आता या मोजणीचं कारण सांगतो. गावाला महादेवाचं बन तोडून तिथं मंगल कार्यालय बांधायचं होतं. सरपंच म्हणायचे, बन वठलं, झाडं वाढत न्हाईत. बाई ग्रामसभेत उठून म्हणाल्या, "एक वर्ष द्या. झाडं वाढली नाहीत तर मी परत येणार नाही." सभेनं मान्य केलं. त्याच दिवशी बाईंनी गळ्याची उंची धरून सगळं बन पहिल्यांदा मोजलं, आकडे वहीत मांडले.

वर्ष भरलं तेव्हा बाई परीक्षेच्या कामात अडकलेल्या. त्यांनी कंडक्टरच्या हाती कागद पाठवला. वर छापलेलं, 'छातीच्या उंचीवरील घेर'. मी एकट्यानं सगळं बन मोजलं आणि आकडे फोनवर सांगितले.

सभेच्या दिवशी सकाळीच बाई आल्या. तोंड उतरलेलं. माझ्या आकड्यांत बहुतेक झाडं बोटभर बारीक झाली होती. मला तडक बनात घेऊन गेल्या.

"मामा, टेप कुठं धरला होता?"

"छातीला."

"कुणाच्या?"

"माझ्या. कागदावर तुमचं नाव लिवलं होतं का?"

बाईंनी गळ्यापासून हात खोडावर नेला, आधी तो पाहिला, मग माझी छाती पाहिली. मी सहा फुटाचा गडी, माझी छाती त्यांच्या हाताच्या वीतभर वर. आणि खोड वर जाईल तसं बारीक होतं, हे वखारीतल्या मांजरालाही ठाऊक. बाई हसत हसत मुळीवर बसल्या. म्हणाल्या, "सभेत मी सांगते, चूक माझी. उंची लिहायला पाहिजे होती."

मी टेप गुंडाळून खिशात घातला.

सभेत सरपंचांनी आकडे वाचले. "मॅडम, झाडं रोडावली की. सलाईन लावायची का?" सगळे हसले. बाई उठल्या, "चूक माझी..."

चुकलं हा शब्द मी बायकोपुढंही कधी काढला नव्हता, ती बिचारी वाट बघून गेली. पण त्या दिवशी उठलो. गळा चिमटीत धरला. "गळ्याशपथ, माझं चुकलं. टेप मी वर धरला. पटत नसंल तर चला बनात."

गाव मला तात्या म्हणतं. मागून कुणीतरी म्हणालं, "तात्या चुकले म्हणल्यावर बघायलाच पाहिजे." सगळं गाव बनात आलं. बाईंनी गळ्यापासून हात नेला, टेप सरपंचांच्या हाती दिला. धावडा वाढलेला. बेल वाढलेला. टेंभुर्णी तर चांगली बोटभर. कडुनिंबापाशी सरपंचच म्हणाले, "बास. कार्यालय रोडकडं बांधू."

मग बाईंनी प्रत्येक झाडाला गळ्याच्या उंचीवर पिवळी रेघ मारली. जाताना म्हणाल्या, "मामा, आता कुणाचीही छाती चालेल."

पुढं त्यांची बदली लांब झाली. मोजणी मीच करतो, आकडे फोनवर कळवतो. पहिली काही वर्षं रेघेवर टेप धरायला मला वाकावं लागायचं. औंदा धावड्यापुढं उभा राहिलो तर टेप आपोआप रेघेवर. वाकलोच न्हाई. मग लक्षात आलं, पाठीला कायमचा बाक आलाय. बाईंना अजून कळवलं नाही, पण माझी छाती आता पुस्तकातल्या साहेबाएवढी झाली. गळ्याशपथ.