मिश्राजींचा डावा गुडघा

काल अलीगंजच्या सिग्नलवर कुणाच्या तरी गाडीचा क्लच जळल्याचा वास आला आणि वीसेक वर्षांपूर्वीची एक सकाळ आठवली.

यांची बदली झाशीला झाली होती. घरी मी आणि दम्याच्या सासूबाई. गाडी दारात होती, चालवणारं कुणी नव्हतं, म्हणून मी ड्रायव्हिंगचा क्लास लावला. आठवड्याभरात माझे गिअर अलगद पडू लागले. शिकवणारे मिश्राजी म्हणायचे, "वाह भाभीजी, क्या हाथ है!"

मला तिथेच शंका आली. मला साधी सायकलसुद्धा इतक्या लवकर आली नव्हती. शिकाऊ गाडीत त्यांच्या पायाशीही क्लच होता, आणि मी गिअर बदलला की त्यांचा डावा गुडघा हलायचा.

"मिश्राजी, ज़रा पालथी मारकर बैठिए."

ते ओशाळले. "हमारे होते आपको झटका लगे, अच्छा नहीं लगता."

तरी बूट काढून सीटवर मांडी घालून बसले. गाडी आचका देऊन बंद पडली. पुन्हा पडली. मागून हॉर्न सुरू झाले. मग मी क्लच अगदी सावकाश सोडला, तळपायाला बारीक थरथर लागली आणि गाडी सरकली.

तेव्हा वाटलं, या माणसाने मला आठवडाभर फसवलं. आता त्यांच्या अदबीचं हसू येतं. पण त्या वेळी, पुढच्याच महिन्यात सासूबाईंना धाप लागली आणि मी गाडी काढून त्यांना दवाखान्यात न्यायला निघाले, तेव्हा शेजारचे गुप्ताजी मदतीला म्हणून पुढे, माझ्या शेजारी बसायला आले. मी त्यांना मागे बसवलं.