बबडीचा आडवा सुळा

दातांची थ्री-डी चित्रं काढणाऱ्या बाईंना सेंटरमध्ये सगळे ‘पुतळाबाई’ म्हणत, कारण यंत्रासमोर बसणाऱ्या प्रत्येकाला त्या पुतळा व्हायला लावत. हनुवटी टेकवायची, दातांत पट्टी धरायची आणि यंत्राचा हात डोक्याभोवती फिरून थांबेपर्यंत जिभेनेही चुळबुळ करायची नाही. कुणी हललं की चित्राच्या कडा दुहेरी येत आणि सगळं मुसळ केरात जाई. पण चित्र नीट आलं असेल तर दुसरं काढायला बाई मेल्या तरी तयार होत नसत. गरज नसताना कुणाच्या डोक्यातून किरणं घालवायची नाहीत, हा त्यांचा हट्ट. त्यापायी त्या चांगल्या बड्या डॉक्टरांशी कडाकडा भांडल्या होत्या, आणि ती भांडणं घरच्यांना तोंडपाठ झाली होती.

एके दिवशी त्यांची धाकटी बहीण लेकीला घेऊन आली. बबडीला तेरावं सरत आलं तरी डावीकडचा वरचा सुळा उगवला नव्हता आणि त्याच्या जागी दुधाचा दात जुन्या भाडेकरूसारखा ठाण मांडून बसला होता. साध्या एक्स-रेत सुळा आत आडवा पडलेला दिसत होता. पण तो पुढच्या दातांच्या मुळांना भिडलाय की नुसताच मागे आहे, हे त्या सपाट चित्रावरून कळेना, म्हणून डॉक्टरांनी इकडे पाठवलं होतं. बहीण निर्धास्त होती. यंत्रावर आपली ताई आहे म्हटल्यावर निम्मं काम झालंच, असा तिचा हिशेब.

एरवी बबडी म्हणजे नुसती वळवळ. पण मावशीचं नाक कापायचं नाही, असं ठरवून ती अशी बसली की पापणीसुद्धा लवली नाही.

काचेपलीकडे पुतळाबाईंनी पडद्यावर चित्र उघडलं आणि पावाचे काप सरकवावेत तसा एकेक थर पुढे नेला. सुळा टाळूच्या बाजूने तिरका घुसला होता. पुढच्या पटाशीच्या दातांपैकी कडेच्या दाताचं मूळ त्याने निम्म्याहून जास्त खाल्लं होतं आणि त्याच्या शेजारच्या दातालाही हात घातला होता. लोकांच्या पोरांचं असलं काही पाहून बाई निवांत डबा खायला जात. आज डबा तसाच राहिला. कुठेतरी दुहेरी कड दिसावी, कुठेतरी पोर हललेली असावी म्हणून त्यांनी सगळे थर पुन्हा पाहिले. इतकं स्वच्छ चित्र त्यांना कधी मिळालं नव्हतं.

दार उघडून त्या म्हणाल्या, “हलली गं थोडी. परत काढावं लागेल.”

बहिणीने लेकीला झापलं, मावशीकडेसुद्धा धड बसता येत नाही का म्हणून. बबडी हळूच म्हणाली की ती हलली नव्हती, पण पुन्हा हनुवटी टेकवून बसली. बाईंनी स्वतःच्या हाताने बटण दाबलं. यंत्र फिरलं, चित्र आलं, आणि मूळ होतं तेवढंच उरलेलं होतं. आपण हे काय केलं, या विचाराने त्यांना स्वतःची लाज वाटली.

“मावशी, आता तरी नाही ना हलले?” बाहेर येताच बबडीने विचारलं.

“तू पहिल्यांदाही हलली नव्हतीस, बाळा,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी तिला चूळ भरायला पाठवलं.

बहीण जवळच्या स्टुलावर बसली.

“किती दात खाल्लेत त्याने, ताई?”

“एक गेल्यातच जमा आहे. दुसऱ्याचं डॉक्टर बघतील. मला फक्त बघता येतं गं.”

आत नळ चालू होता आणि बबडी खळाखळा चूळ भरत होती.