पाच किलोमीटरातले पॉईंट

सासूबाई मेलबर्नला आल्या तेव्हा त्यांना शहर कसं दाखवायचं याचा माझा बेत आधीच पक्का झाला होता. आमच्या ऑफिसात पर्यावरणाचा एक गट होता आणि त्यात मी जरा जास्तच उत्साही होते. त्यामुळे गाडी अजिबात काढायची नाही, असं मी ठरवून टाकलं होतं. आमच्या ट्रुगानिना उपनगरातून बसने स्टेशन, ट्रेनने सिटी, सिटीत फुकटची ट्रॅम, मग यारा नदीच्या काठाकाठाने चालत मोठ्या बागेपर्यंत. पाणी घरचं, डबा घरचा आणि कचरा परत घरी.

हे सगळं ऐकून सासूबाईंचा चेहरा उतरला.

"दारात गाडी असताना पाहुण्याला पायी फिरवायचं?"

"आई, तुझी सून इको-फ्रेंडली आहे," नवरा हसत म्हणाला. इको-फ्रेंडली म्हणजे चिक्कू, असा त्यांचा तेव्हा जो ग्रह झाला तो मला काही दूर करता आला नाही.

फेब्रुवारी चालू होता. आधी त्यांची झोप ताळ्यावर येईना, मग माझ्या प्रोजेक्टचं रिलीज आलं, मग नवऱ्याला आठवडाभर ताप. दर शुक्रवारी आम्ही म्हणायचो, पुढच्या वीकेंडला नक्की. असे वीकेंड गेले आणि एके दिवशी सगळंच बंद झालं. विमानं बंद, ऑफिसं बंद, शाळा बंद. तीन महिन्यांसाठी आलेल्या सासूबाई व्हिसा वाढवून आमच्याकडेच राहिल्या. शहरापासून ट्रेनच्या अंतरावर, आणि शहराचा एक दगडही न बघता.

हिवाळ्यात, म्हणजे इथल्या जुलै-ऑगस्टात, नियम आणखी कडक झाले. घरापासून पाच किलोमीटरच्या पुढे जायचं नाही आणि व्यायामासाठी दिवसातून एकच तास बाहेर पडायचं. व्यायाम म्हणजे काय, हेही धड कळत नव्हतं. चालणं चालेल, पण चालता चालता बाकावर बसलं तर तो व्यायाम राहतो का? मास्क घालून चहा पिता येत नाही, मग चहाचा कप हातात असेल तर मास्क नसला तरी चालतं, असं कोणी म्हणायचं. दुसरा म्हणायचा, मुळीच चालत नाही. आमची आठ वर्षांची लेक रोजचे नियम तोंडपाठ करून बसायची आणि आजीने दाराच्या कडीला हात लावला की ओरडायची, "आजी, इट्स नॉट अलाउड!"

मी कॉम्प्युटरवर आमच्या घराभोवतीचं ते पाच किलोमीटरचं वर्तुळ काढून बघितलं. समुद्र बाहेर, सिटी बाहेर, बाग बाहेर. आत काय, तर एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं अशी एकसारखी नवी घरं, गोदामं, हायवेचा एक तुकडा, एक ओढा आणि उरलेलं सगळं वाळलेलं गवत. बाई एवढ्या लांबून ऑस्ट्रेलियाला आली आणि तिने गोदामं बघितली, हे मी पुण्यात कोणाला सांगणार होते?

मला रडूच आलं. सासूबाई मात्र खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसल्या आणि ते वर्तुळ निरखून बघत म्हणाल्या, "एवढं आहे की! माथेरान तरी केवढंसं असतं?"

सासरे होते तोवर ती दोघं दरवर्षी दिवाळी झाली की कुठेतरी जायची. महाबळेश्वर, पाचगणी, आणि सगळ्यात लाडकं म्हणजे माथेरान. "तिथे गाडीला बंदीच. सगळे पॉईंट पायी बघायचे," सासूबाई सांगायला लागल्या. "आणि हे दरवेळी एक पॉईंट मुद्दाम सोडायचे. म्हणायचे, राहू दे, म्हणजे परत येणं होतं." सासऱ्यांचे गुडघे दुखायचे हे मला ठाऊक होतं, त्यामुळे पॉईंट सोडण्यामागचं खरं कारण आपल्याला कळलं असं वाटून मी मनातल्या मनात हसले.

दुसऱ्या दिवसापासून सासूबाई बाहेर पडायला लागल्या. सलवार-कमीज, वर नवऱ्याचं जुनं जॅकेट, पायात माझे जुने बूट आणि तोंडाला स्वतः शिवलेला खणाचा मास्क. सोबतीला पलीकडच्या घरातली पंजाबी आजी. तीही अशीच मुलाकडे येऊन अडकलेली. दोघींमध्ये हातभर काय, चांगलं पुरुषभर अंतर असायचं, त्यामुळे त्यांच्या गप्पा अख्ख्या गल्लीला ऐकू जायच्या.

"चलो जी, आज कौन सा पॉईंट?"

"आज वो काले हंस के तरफ जाएंगे," सासूबाई पुणेरी हिंदीत जाहीर करायच्या.

काळा हंस हा त्यांना बसलेला पहिला धक्का होता. ओढ्याच्या रुंद पाण्यात तो त्यांनी बघितला त्या दिवशी त्या घरी येऊन बूटही न काढता माझ्या टेबलापाशी आल्या. म्हणाल्या, "हंस काळा कसा असेल गं? आजारी असेल." मी सांगितलं की इथले हंस काळेच असतात. त्यांना ते काही पटलं नाही, पण रोज जाऊन त्याची तब्येत मात्र बघून यायच्या.

मग एकेक पॉईंट वाढत गेला. वसंतात घरट्याची राखण करणारा मॅगपाय पक्षी डोक्यावर झेप घेतो त्या वळणाचा झाला छत्री पॉईंट, कारण तिथून छत्री उघडूनच जावं लागायचं. जिथे वसाहत संपते आणि जुन्या काळच्या, नुसते दगडावर दगड रचलेल्या कुंपणापलीकडे गवत सुरू होतं, तो शेवटचं घर पॉईंट. आणि सगळ्यात मानाचा म्हणजे सिटी पॉईंट. नव्या प्लॉटांसाठी खणलेल्या मातीचा तो एक ढीग होता, गवत उगवलेला. त्यावर चढलं की सपाट माळापलीकडे, लांब, शहराच्या उंच इमारती दिसायच्या. बोटभर उंचीच्या, निळसर.

मी या सगळ्याने गोंधळून गेले होते. त्यांना खरंच मजा येत होती, की आम्हाला वाईट वाटू नये म्हणून त्या मजा येत असल्याचं दाखवत होत्या? "कंटाळा आलाय का, आई?" असं मी रोज विचारायचे. "नाही गं," असं त्या रोज म्हणायच्या. या "नाही गं"चा अर्थ लावण्यात माझी सासरची इतकी वर्षं गेली आहेत.

एकदा पुण्याहून त्यांच्या बहिणीचा फोन आला. मी घरूनच मीटिंगमध्ये होते, पण माझा माईक बंद करून कान त्यांच्या स्पीकरवरच्या फोनकडे लावले.

"काय काय बघितलंस मग ऑस्ट्रेलियात?" मावशींनी विचारलं.

सासूबाई सुरूच झाल्या. "अगं, रोज एक पॉईंट. हंसांचं तळं आहे. एका ठिकाणी तर पक्षी असा सूं करून डोक्यावर येतो! संध्याकाळी गवत इतकं सोनेरी दिसतं की बघत राहावं. आणि गाडीचा धूर नाही, काही नाही. ही मला सगळं पायी दाखवते. इकडे तसंच असतं, इको-फ्रेंडली."

ही, म्हणजे मी. मी तर त्यांच्याबरोबर जेमतेम चार वेळा गेले असेन. ती थाप होती, की माझी बाजू राखली जात होती, की त्यांना खरंच तसं वाटत होतं? मला भरून आलं आणि त्याच वेळी रागही आला. माझ्या अपराधी वाटण्याला त्या जागाच ठेवत नव्हत्या. तेवढ्यात मीटिंगमध्ये कोणीतरी मला प्रश्न विचारला आणि मी नुसतंच "नो वरीज" म्हणून टाकलं. तो प्रश्न काय होता, हे मला अजूनही माहीत नाही.

वसंत संपता संपता निर्बंध उठले. पाचाचे पंचवीस झाले आणि मग किलोमीटर मोजायचंच संपलं. आणि नेमकी त्याच आठवड्यात भारतात जाणाऱ्या खास विमानात सासूबाईंना जागा मिळाली. मी जागेवर उडीच मारली. निघायला चार दिवस होते. एक दिवस पुरेसा होता! मी रजा टाकली, तो जुना बेत बाहेर काढला आणि रात्रीच दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी करून ठेवली.

जेवताना नवरा खुशीत होता. आईच्या ताटात ताक वाढत म्हणाला, "उद्या नीट बघून घे हं आई सगळं. आता या वयात परत कुठे येणं होतंय तुझं!"

सासूबाईंचा घास क्षणभर हातातच राहिला. मग त्या म्हणाल्या, "हं," आणि ताकभात कालवायला लागल्या.

सकाळी मी बाटल्या भरून दारात उभी राहिले. सासूबाई बूट घालून तयार होऊन आल्या, मास्क लावला, फाटकाबाहेर पडल्या आणि बसस्टॉपच्या उलट्या दिशेला चालायला लागल्या.

"आई, बस इकडून आहे!"

"मला आज नाही जायचं सिटीत."

मी त्यांच्या मागे धावले. खांद्यावर डब्याची पिशवी, डोक्यात तिडीक. वर्षभर मी या एका दिवसासाठी झुरले होते. "तब्येत बरी नाही का? गर्दीची भीती वाटते? ट्रेनमध्ये सगळे मास्क लावतात. चालायचं नसेल तर गाडी काढू? काढू का गाडी?" गाडी काढू, हे मी म्हणाले! माझ्या पर्यावरणाच्या गटाने ऐकलं असतं तर मला हाकलूनच दिलं असतं.

"नाही गं," त्या म्हणाल्या आणि चालत राहिल्या.

त्या थेट सिटी पॉईंटच्या ढिगावर चढल्या. हवा स्वच्छ होती. त्या दिवशी इमारती इतक्या लख्ख दिसत होत्या की खिडक्या मोजता येतील असं वाटत होतं. सासूबाई बराच वेळ बघत राहिल्या. मग गवतावर बसल्या आणि म्हणाल्या, "डबा काढ."

आम्ही दशम्या खाल्ल्या. हसावं, रडावं की भांडावं तेच कळेना. निघताना मी न सांगता त्यांनी चटणीचा सांडलेला कण न् कण वेचला, रिकामी पिशवी घडी करून खिशात ठेवली आणि म्हणाल्या, "छान झाली हो ट्रिप."

विमानतळावर आम्हाला आत सोडत नव्हते. सासूबाईंनी मास्कवर प्लॅस्टिकची पारदर्शक ढाल चढवली आणि त्यातून आम्हाला हात केला. घरी येताना नवरा म्हणाला, "एवढं सगळं उघडलं आणि आईने शहर बघितलंच नाही. विचित्रच." मीही म्हटलं, विचित्रच. आणि मनात म्हटलं, माझ्यावरच राग असणार. पहिल्याच दिवशी पायी फिरवायची भाषा केली, ती त्या विसरल्या नाहीत.

हे खूळ डोक्यात घेऊन मी काही महिने काढले. फोनवर त्या हंसाची चौकशी करायच्या, पंजाबी आजीची करायच्या, शहराबद्दल मात्र चकार शब्द नाही. मग पुढच्या वर्षी, दोन लॉकडाऊनच्या मधल्या फटीत, मला ऑफिसला बोलावलं. वर्षभराने सिटीत पाऊल ठेवलं तर मलाच ती अनोळखी वाटली. निम्मी दुकानं बंद, फुटपाथ मोकळे, आणि ट्रॅम मात्र जवळजवळ रिकाम्या असूनही घंटा वाजवत इमानाने फिरत होत्या. दुपारी डबा घेऊन मी नदीजवळ जाऊन बसले आणि मला सासूबाईंची इतकी आठवण आली की मी तिथूनच त्यांना व्हिडिओ कॉल लावला.

"आई, ओळखा मी कुठे आहे! थांबा, तुम्हाला दाखवते. ही बघा..."

"अगं, अगं! फिरवू नकोस तो फोन!" त्या एकदम ओरडल्या. "तुझ्या तोंडाकडेच धर!"

"का?"

"ते माझं राहिलंय. मी येऊन बघणार आहे."

मी फोन तोंडासमोर तसाच धरून बसले. मला माथेरान आठवलं. ताक वाढता वाढता नवरा काय बोलून गेला होता तेही आठवलं, आणि ताकभात कालवणारी त्यांची बोटं. इतके महिने मी काय काय अर्थ लावत बसले होते! सीमा कधी उघडणार कोणालाच ठाऊक नव्हतं, पुण्यातून रोज वाईट बातम्या येत होत्या, त्यांचं वय वाढत होतं.

मागून घंटा वाजली. वळणावरून ट्रॅम येत होती आणि माझ्या खांद्यावरून ती फोनमध्ये दिसणारच होती.

"आई, ट्रॅम येतेय!"

पुण्यात, स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर, सासूबाईंनी दोन्ही हातांनी डोळे घट्ट झाकून घेतले.

"गेली का?" थोड्या वेळाने त्यांनी विचारलं.

"थांबा," मी म्हटलं. "मागे अजून एक आहे. उघडू नका."