टोकाच्या केळीला पाणी पोचेना

धुळ्याच्या तंत्रनिकेतनातून पदविका घेऊन मी जळगावात एका लहान कचेरीत लागलो. काम होतं केळीच्या बागांसाठी ठिबक सिंचनाचे नकाशे काढायचं. नव्वद सालाच्या आसपासची गोष्ट, ठिबक तेव्हा शेतकऱ्यांना नवंच होतं. साहेबांनी पायऱ्या छापून ठेवल्या होत्या: आधी विहीर, मग पंप, मग बांधाच्या कडेने मोठा पाइप, त्यावरून प्रत्येक ओळीत नळी. पायरी चुकली की नकाशा परत. मला ते आवडायचंही. आकडे भरत गेलं की उत्तर येतं, असंच मी शिकलो होतो.

रावेरकडच्या एका लांबट शेतात ते उत्तर येईना. बांधाजवळची केळी तरारली, दुसऱ्या टोकाची पिवळी पडू लागली. साहेब म्हणाले, पंप मोठा बसव. बसवला, तर बांधाजवळ नळ्या सांध्यातून निसटू लागल्या. मग मोठा पाइप आणखी जाड घातला. टोकाला तरी अधूनमधून एखादाच थेंब. तिसऱ्या खेपेला मी बांधावर बसून तेच गणित पुन्हा विहिरीपासून करत होतो. रडायचा तेवढा बाकी होतो.

शेताच्या मालकीणबाई, सगळे त्यांना अक्का म्हणत, पाणी घेऊन आल्या. माझ्या कागदाकडे बराच वेळ बघत राहिल्या.

“भाऊ, पाइप बांधालेच काहाले? वावराच्या मधून नेला तं दोन्हीकडे अर्धंच जाया लागंन ना पान्याले?”

मला राग आला. आधी त्यांचा, मग माझा. विहीर बांधाला म्हणून पाइप बांधाला, याच्या पलीकडे माझं डोकं गेलंच नव्हतं. मांडून पाहिलं. बाईंचं बरोबर होतं.

साहेबांनी नकाशा परत केला. मधल्या पाइपाला नांगर लागेल, म्हणाले. अक्कांनी सांगितलं, खोल गाडा. दोन दिवस वाद घातल्यावर साहेब चिडून म्हणाले, “कर. पण बिघडलं तर तू जाणे.”

आम्ही चर खणून पाइप मधोमध गाडला. काही आठवड्यांत टोकाच्या पानांना हिरवा रंग आला. त्या छापील पायऱ्या आता बदला, असं मी साहेबांना म्हणालो. एका शेतासाठी पद्धत बदलत नसतात, असं उत्तर मिळालं.

पुढे दोन वर्षं मी प्रत्येक नव्या शेतात आधी लांबच्या टोकाला जाऊन यायचो आणि कचेरीत येऊन भांडायचो. बहुतेक वेळा हरायचो.