इंजेक्शनच्या आधीचा माणूस

आमच्या गाद्यांच्या कारखान्यात त्याला सगळे 'सावकाश' म्हणायचे. जड गादी जिन्यावरून उतरवताना तो पुढून "सावकाश, सावकाश" असं बजावत राहायचा, त्यावरून ते नाव पडलं आणि चिकटलं. तसं ते त्याला शोभायचंही. काही विचारलं की तो आधी डोळे मिटायचा, प्रश्न आतल्या आत फिरवून बघायचा आणि मग बोलायचा. "चहा घेणार का?" यालाही तसंच. उत्तर येईपर्यंत चहा निवायचा. उंचापुरा गडी, कपाळ मोठं, खालचा ओठ जरा लोंबता. परका माणूस बघून म्हणेल, हा अर्धवट दिसतोय. अर्धवट नव्हता. फक्त घाई हा प्रकार त्याच्यात नव्हता.

त्याची बायको तिथंच खोळी शिवायची. एकुलती एक मुलगी शाळेत कायम वरच्या नंबरात, आणि तिचं कौतुक सांगताना मात्र तो डोळे न मिटता बोलायचा. मी कारखान्याचा टेंपो चालवतो, त्यामुळे पुढचं बहुतेक माझ्या डोळ्यांदेखत झालं.

एकदा सिनेमावाल्यांनी आमची कापसाची शेड मारामारीच्या प्रसंगासाठी दोन दिवस मागितली. मालक हुरळून गेला. सिनेमा बुद्धी वाढवणाऱ्या औषधाचा होता. एक शास्त्रज्ञ तसलं औषध शोधतो, पहिलं इंजेक्शन आपल्याच मठ्ठ भावाला टोचतो, भाऊ एकदम हुशार होतो, मग बदमाश औषधाच्या मागे लागतात. सावकाश कोपऱ्यात गादी टाचत बसला होता. भुवयांवर कापूस, तोंड उघडं. दिग्दर्शक त्याच्यासमोर उकिडवा बसला आणि सहायक बाईला म्हणाला, "हा बघ. याला मेकअपही लागणार नाही."

आम्ही हसलो. सावकाशही हसला.

त्याला भावाचं काम मिळालं. बाईंनी नीट समजावलं, "आधी मठ्ठ, इंजेक्शननंतर हुशार. दोन्ही तुम्हीच." हुशार झाल्यावर भावाला एक लांबलचक भाषण होतं. ते तो कारखान्यात टाके घालता घालता म्हणायचा आणि अडला की पलीकडून बायको मशीन न थांबवता पुढचा शब्द ओरडायची. महिन्याभरात आम्हा सगळ्यांना ते पाठ झालं. "दादा, तू मला औषध माझ्यासाठी दिलं नाहीस. घरात एक मठ्ठ असला की बाकीचे हुशार ठरतात. आज मला सगळं दिसतंय. तुम्ही जेवताना माझ्याकडे बघून एकमेकांना केलेल्या खुणासुद्धा." असं ते पुढे बरंच होतं. म्हणताना त्याचा आवाज बदलायचा. पॅकिंगवाल्या मावशी पदर डोळ्यांना लावायच्या. मुलगी शाळेतून आली की पायरीवर बसून ऐकायची आणि म्हणायची, "बाबा, 'एकमेकांना'वर थांबू नका, पुढे जा."

शूटिंगच्या दिवशी मीच त्याला टेंपोतून स्टुडिओत नेलं. सकाळभर मठ्ठपणाचे प्रसंग चालले. भाऊ टेबलावरचे चमचे मोजतो, चुकतो आणि नायक त्याच्या थोबाडीत मारतो. नायक खरंच मारत होता. "जरा जोरात, आवाज यायला हवा," असं दिग्दर्शक म्हणाला की पुन्हा. गाल सुजून लाल झाला तेव्हा बाई पावडरचा डबा घेऊन आल्या, आणि दिग्दर्शक म्हणाला, "राहू दे, छान दिसतंय."

जेवणानंतर सावकाशने भाषणासाठी केस विंचरले. बाहेर आलो तर खुर्चीत एक गोरापान, चष्मा लावलेला नट बसलेला, अंगात अगदी सावकाशसारखाच शर्ट.

"हे कोण?" मी बाईंना विचारलं.

"इंजेक्शननंतरचा भाऊ. ते ऐनवेळी बदललं. माणूस बदलला हे प्रेक्षकांना दिसायला नको का?"

सावकाशने डोळे मिटले. बराच वेळ. मग दिग्दर्शकाकडे जाऊन म्हणाला, "पण मला पाठ आहे."

दिग्दर्शकाने त्याला खालीवर न्याहाळलं. नायकाकडे बघून त्याने भुवई उडवली. "पाठ आहे? मग होऊन जाऊ दे. कॅमेरा लावा रे!"

आणि सावकाश बोलला. कुठं अडखळला नाही. सुजलेल्या गालानं, संथपणे, एकेक शब्द नीट खाली ठेवत. दिवे धरणारी पोरं थबकली. संपल्यावर दिग्दर्शकाने टाळ्या वाजवल्या. "फार सुंदर! मी हे सिनेमात ठेवणार. शब्द दिला."

परतताना गल्लीच्या तोंडाशी मुलगी दिसल्यावर त्याने दार उघडून चालत्या गाडीतून उडीच मारली. "ठेवणार आहेत! माझंच ठेवणार आहेत!"

सिनेमा लागला तेव्हा दुपारच्या खेळाला अख्खा कारखाना गेला. तो, बायको आणि मुलगी मधल्या रांगेत, मी त्यांच्या शेजारी. मुलीने दोन मैत्रिणीही आणल्या होत्या. चमच्यांच्या प्रसंगाला थेटर खदखदून हसलं. प्रत्येक थोबाडीला शिट्टी. सावकाश बायकोला म्हणाला, "हे आधीचं आहे. थांब." मग चष्मेवाला आला, भाषण त्याने केलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. सावकाश पुढे सरकून बसला. शब्द दिला होता ना.

शब्द पाळला होता. सिनेमात औषध पुढे बिघडतं आणि भावाच्या मेंदूचा चुथडा होतो. तिथं अचानक सावकाशचा चेहरा पडदाभर आला. तेच भाषण, तेच ओठ. पण आवाज काढून टाकला होता, आणि त्याजागी वासरू हंबरावं तसा आवाज भरला होता. ओठांवरून लाळही गळताना दाखवली होती, ती कशी केली देव जाणे. ओठ "मला सगळं दिसतंय" म्हणत होते आणि कानावर "हंबाऽऽ" येत होतं. लोक खुर्च्यांवर लोळत हसले. मैत्रिणी हसल्या. मुलगी हसू दाबायला गेली, तिला जमलं नाही, आणि तीही हसली.

मी त्याच्या बायकोकडे पाहिलं. अंधारात तिचे ओठ हलत होते. पडद्यावरच्या तोंडाबरोबर ती तो मजकूर शब्दन् शब्द म्हणत होती.

पुढच्या आठवड्यात तो मला म्हणाला, "मला त्यांच्याकडे ने. एक विचारायचंय." दिग्दर्शकाने ऑफिसच्या दारातच गाठ घेतली. आत बोलावलं नाही.

"माझा आवाज का काढला?" सावकाशने विचारलं. "मी चुकलो होतो?"

"छे! उलट तू इतकं चांगलं बोललास की कुणाला खरं वाटलं नसतं." त्याने सावकाशच्या खांद्यावर थोपटलं. "या चेहऱ्यातून ते बोलणं बाहेर येणं लोकांना पटत नाही रे. मी काय करणार? आणि आता सगळं गाव तुला ओळखतं, ते बघ की."

ते खरं होतं. रस्त्यात रिकामटेकडे हंबरायचे. मालकाने सिनेमाचं पोस्टर कारखान्यापुढच्या दुकानात लावलं आणि गिऱ्हाईक आलं की आत हाक मारायचा, "सावकाश, जरा बाहेर ये. ताईंना करून दाखव." तो डोळे मिटून उभा राहायचा. मग करून दाखवायचा. बायकोची मशीन त्या वेळी फार जोरात चालायची. एकदा तिने मालकाला तोंडावर सांगितलं, "त्यांना बोलावू नका." मालक म्हणाला, "अहो, गंमत आहे! त्याला कळतंय कुठं?"

शाळेच्या शेवटच्या वर्षी मुलगी पहिली आली. बक्षीस समारंभाला आईबापांना बोलावणं होतं. आईला ताप होता, म्हणून तो एकटाच निघाला, इस्त्रीचा शर्ट घालून. मी सोडायला गेलो आणि मागं थांबलो. फाटकाशी कुणाच्या तरी वडिलांनी त्याला ओळखलं. "अरे, हा तोच ना? हंबाऽऽ?" चार माणसं वळली. मुलगी तिथंच उभी होती. त्या गृहस्थाने तिला विचारलं, "हे तुझे कोण?"

ती म्हणाली, "काका आहेत. वडिलांच्या कारखान्यात कामाला. बाबांना यायला जमलं नाही."

एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच सावकाशने उत्तराला वेळ लावला नाही. "हो," तो पटकन म्हणाला, "साहेबांना काम निघालं. मला पाठवलं." पहिल्या आलेल्यांचा आईवडिलांसोबत फोटो काढला, तेव्हा शिक्षिकेने तिचं दप्तर त्याच्या हातात दिलं आणि "काका, जरा बाजूला व्हा" म्हटलं. तो बाजूला झाला.

घरी त्याने हे सांगितलं नाही. मुलीनेच सांगितलं, रडत, आईच्या उशाशी बसून. आईने तिला मारलं नाही की समजावलं नाही. तापाच्या भरात कूस वळवून भिंतीकडे तोंड केलं, इतकंच. मुलीने माफी मागितली तेव्हा तो म्हणाला, "बरोबर केलंस. मीही तेच केलं असतं." त्यावर ती आणखी रडली, आणि पुढच्या महिन्यात दूरच्या कॉलेजात शिकायला निघून गेली. तिथं तिने वडील वारले असं सांगितलंय, हे मला वसतिगृहाच्या पहारेकऱ्याकडून कळलं.

मी तिथल्या गाद्या पोचवायला जातो. मागच्या खेपेला तोही सोबत आला, तिच्यासाठी उशी शिवून. पहारेकऱ्याने जिन्यात हाक दिली, "ताई, तुमचे काका आलेत!" ती खाली आली, उशी घेतली, "बरे आहात ना?" म्हणाली आणि तास आहे म्हणून वर गेली. मी तिथंच गादी धरून उभा होतो.

घरी पोचलो तर बायको दारातच थांबलेली. "माझं विचारलं तिनं?"

"विचारलं," तो म्हणाला. "दोनदा विचारलं."