पेनाचं टोपण

सरांनी आईचा हात हातात घेतला नाही. खिशातलं पेन काढलं आणि टोपणानं तिचा तळवा उलटा केला.

"हात धूत नाहीस काय गं?"

"धुती की, साहेब."

"मग हे काय? तुम्हा लोकांना पाण्याचं वावडंच."

खंडाळ्याच्या शाळेत आमच्या विभागाचं त्वचारोग शिबिर होतं. सर विभागप्रमुख. मी त्यांच्या हाताखाली, एम.डी.च्या शेवटच्या वर्षाला. आईच्या आधी सरांच्या इथल्या, खंडाळ्यातल्या बंगल्याशेजारच्या आजी येऊन गेल्या होत्या. त्यांचा हात सरांनी किती तरी वेळ धरून ठेवला होता. बोटांनी चाचपत आम्हाला शिकवलं होतं, कातडी कोरडी की ओलसर, जाड की पातळ, हे डोळ्यांना नाही, बोटांना कळतं. मग आई आली. "राहतेस कुठं?" "बुद्धविहारामागं." त्यानंतर पेन निघालं.

मी शेजारीच उभी होते. आई माझ्याकडं बघत नव्हती. रांगेत बसल्यापासून तिनं मला ओळखच दिली नव्हती. मला "डॉक्टरीणबाई" म्हणाली. विभागात मला सगळे 'कोट्यातली' म्हणतात, हे मी एकदा घरी रडून सांगितलं होतं. लेकीला आणखी मान खाली घालावी लागू नये म्हणून ती परकी झाली होती.

खोटं कशाला सांगू, मी घाबरले होते. परीक्षा तोंडावर आली होती आणि परीक्षक सरच. त्यांनी मनात आणलं तर संपलंच सगळं. हॉटेलातली भांडी घासून आईनं मला शिकवलं होतं. त्या साबणानंच तिचे हात उकलले होते. दिवसभर पाण्यात हात असलेल्या बाईला हा माणूस हात धू म्हणत होता.

सर टोपण स्पिरिटच्या बोळ्यानं पुसायला लागले. ते पुसणं मला सहन झालं नाही.

"सर, ही माझी आई आहे. हे साबणानं झालंय. मळानं नाही."

मी आईचे दोन्ही हात हातात घेतले. हातमोजे नाहीत, काही नाही. भेगा बोटांना लागल्या.

"आगं गप," आई पुटपुटली. "तुजी परीक्षा हाय न्हवं?"

सर हसले. "परीक्षेत भेटू."

भेटले. नापास केलं. मी पुन्हा परीक्षेला बसले तेव्हा परीक्षक दुसरे होते, म्हणून सुटले.

आज मी स्वतः विभागप्रमुख आहे, परीक्षकही आहे. केस पांढरे झाले, तरी परीक्षेच्या खोलीत शिरताना मी अजून घाबरते. काल संस्थेतल्या एका बड्या माणसाचा फोन आला. त्यांचा मुलगा उद्या माझ्यासमोर परीक्षेला आहे. याच मुलाला मी वॉर्डात तपासणीसाठी आलेल्या एका झाडूवाल्या मावशींचा पदर पेनानं बाजूला सारताना पकडलं होतं.

"सांभाळून घ्या, मॅडम. तुम्हालाही इथंच राहायचंय."

मी फोन ठेवला.

उद्या त्याचं पेन मी आधी टेबलावर ठेवायला लावीन. मग पेशंट आत बोलवीन. त्यानं आपणहून हात पुढं केला, तर पुढचा प्रश्न विचारीन. नाही केला, तर नापास करीन. भीत भीत करीन, पण करीन.