सुपारीच्या दिवशी लावलेला माझा आवाज

माझी सासू माझी सख्खी आत्या. आमच्यात मामाची मुलगी करून घ्यायची रीत आहे, तशी मी या घरात आले. लेक झाली, तर तिची कातडी नुसती बांगडी घासली तरी फोड येऊन सोलून निघायची. आत्या दारात येणाऱ्या प्रत्येक बाईला सांगायच्या, "हिनं गरवारपणी ग्रहणात विळी धरली. आमच्या घरात असलं काय न्हाई." मी आत भाकरी थापत ऐकायचे. सहा वर्षं ऐकलं.

मग मोठ्या शहरातल्या दवाखान्यात आम्हा तिघांचं रक्त तपासलं. डॉक्टरीणबाईंनी चित्र काढून समजावलं. हा आजार फार थोड्या लेकरांना होतो. आईकडून आणि बापाकडून, दोन्हीकडून दोष आला तरच होतो. आमचा दोष आत्यांच्या माहेरचा असणार, म्हणाल्या. नवऱ्यात आत्यांकडून आलेला, माझ्यात माझ्या वडलांकडून. नवरा वाटेत म्हणाला, "आईला सांगू नको, तिला सोसायचं न्हाई." मी नाही सांगितलं. राखून ठेवलं.

डॉक्टरीणबाईंनी मला मोबाईलवर अशा लेकरांच्या आयांच्या गटात घातलं. कुठकुठल्या देशांतल्या बाया. त्यांचं लिहिलेलं मला वाचता येत नाही, पण फोटोतल्या लेकरांच्या पट्ट्या ओळखीच्या. जखमेला न चिकटणारी पट्टी बांधायला मी त्यांचं बघूनच शिकले. एकदा सगळ्या जगाला हा आजार कळावा म्हणून प्रत्येकीनं आपापल्या भाषेत बोलून आवाज गटात पाठवायचा, असं ठरल्याचं बाईंनी मला सांगितलं. मी कडब्याच्या गंजीमागे बसून मोबाईलात बोलले. ते जगभर गेलं. घरात कुणाला पत्ता नव्हता.

पुढे आत्यांनी धाकट्या दिराला माझीच धाकटी बहीण करायचं ठरवलं. सुपारी फोडायला माझे आईवडील, भावकी, सगळे बसले होते. आत्या हसत म्हणाल्या, "थोरली तशी निघाली, धाकटी तरी धड निघू दे." बाया हसल्या.

मी चहाचं ताट खाली ठेवलं आणि मोबाईल मोठ्यानं लावला. माझाच आवाज होता. "हा आजार ग्रहणानं होत नाही. एका रक्तातली सोयरीक केली की असं लेकरू व्हायची भीती वाढते. माझ्यात आणि नवऱ्यात तो माझ्या सासूच्या माहेरातून आला."

वडलांनी विचारलं, "जावई, खरं हाय का हे?"

नवरा म्हणाला, "हाय, मामा."

सुपारी फुटली नाही.

आत्या चुलीपाशी येऊन म्हणाल्या, "मला एकटीला सांगायचं होतंस. चारचौघांत कावून?"

"तुमी मला कुठं बोलत होत्या, आत्या?"

एकटीला सांगता आलं असतं, हे मला ठाऊक होतं. दोन महिने आधी आत्यांनी ठरवलं, तेव्हाच ही सोयरीक थांबवता आली असती. मी तो दिवस येऊ दिला.

बहिणीच्या मनात दीर होता. ती अजून माझ्याशी बोलत नाही, त्याचं मला लई वाईट वाटतं. आत्यांचं वाटत नाही.